खिशातली संत्र्याची साल
संत्रं सोलताना सालीचा तो उग्र वास आला, की मी पुन्हा मुख्याध्यापकांसमोरच्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसते. मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला ऑटिझम आहे. वर्गात गलका वाढला की ती खिशातली साल नाकाशी धरायची आणि शांत व्हायची. वरुडकडे आमच्या घरात संत्र्यांना काय तोटा! त्या दिवशी वर्गातल्या बाईंनी ती साल कचरा समजून ओढून घेतली आणि मुलगी त्यांच्या हाताला कडकडून चावली. दाखला न्यायला या, असा शाळेतून फोन आला, मी ऑटो करून लगेच गेले. “दाखला घेऊन जा हिचा,” सर म्हणाले, “बाकीच्या पोरांचे मायबाप मले बोलून राहिले.” बाहेर पाढ्यांचा गजर चालला होता. “सर, अशा लेकराले शाळेतून काढता येत नाही. कायदा आहे,” मी कशीबशी म्हणाले. “कोणता कायदा?” ऑटोत सारखं घोकत आणलेलं नाव ऐन वेळी आठवेना. मी नुसता पिशवीचा बंद पिळत राहिले. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं माझ्या पिशवीतलं संत्रं काढलं, नखानं सालीचा तुकडा सोलला आणि माझ्या नाकाशी धरला. मग हाताला पट्टी बांधून दारात उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, “राहू द्या सर तिले. साल मीच ओढली होती.” दाखला निघाला नाही. आता त्या कायद्याचं नाव मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण शाळेचा फोन वाजला, की तो उचलायच्या आधी माझा हात टोपलीतल्या संत्र्याकडे जातो.