रुळायला ठेवलेला आवाज

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही अडखळतच.

वाशीममध्ये माझं महागड्या स्पीकरचं दुकान आहे. आमच्या धंद्यात एक शब्द फार कामाला येतो — ‘रुळणं’. नवे स्पीकर शंभर-दोनशे तास वाजले की आवाज मोकळा होतो म्हणे. खरंच होतो का? थोडाफार होतही असेल. पण गिऱ्हाईक कुरकुरलं की हा शब्द पुढे करायचा. महिन्याभरात त्याचे कान सरावतात आणि आपली सुटका होते.

पुंडलिककाका इंझोरीचे. मेथी-पालक पिकवणारे, आणि भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवणारे. गाणाऱ्याचा सूर केसभर उतरला, की पेटीवरून त्यांची मान वर झालीच. त्यांनी मोठ्या हौसेनं माझ्याकडून स्पीकर घेतले, मी स्वतः जाऊन जोडून दिले. आठवड्यानं ते दुकानात आले.

“गजू, आवाज पोकळ येऊन राह्यला. पेटी ऐकू येते, पण गाणारा मधातून गायब. काहून?”

मला तिथंच कळलं. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा मी उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे दोन्ही स्पीकर मधला आवाज एकमेकांत खाऊन टाकत होते — शिकाऊ माणसाची चूक. पण समोर दोन नवी गिऱ्हाइकं बसलेली, आणि मी नुकतंच त्यांच्यापुढे ज्ञान पाजळलेलं. मग काय बोललो मी?

“काका, नवा बैल पह्यल्याच दिवशी सरळ चालते का? दोनशे घंटे वाजू द्या, रुळतात.”

उलट्या तारा जन्मभर वाजवल्या तरी सुलट होत नाहीत, हे मला ठाऊक होतं. उद्या जाऊन बदलून देऊ, असं ठरवलं. गेलो का? नाही. लाज वाटत होती, आणि दिवस गेले तशी ती वाढतच गेली. तीन महिने गेले.

शेवटी त्यांच्या घरी गेलो तेव्हा स्पीकरवर फडकं टाकलेलं होतं. त्यांची पेटी दिसेना.

“मंडळाले देऊन टाकली,” काका म्हणाले. “दोनशे घंटे मोजून वाजवले गजू. स्पीकर तं रुळले असतीन, माहे कानच गेले. लोकायचं भजन कायले नासवू?”

ते चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात मी तारा बदलल्या. दोन मिनिटांचं काम! बोललो मात्र नाही. बोललो असतो तर तीन महिने गप्प का बसलो, हेही सांगावं लागलं असतं — तेवढी छाती नव्हती. म्हटलं, लावतील तेव्हा कळेल. त्यांनी पुन्हा लावलेच नाहीत. भजनात आता मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवतात.

गेल्या महिन्यात ते जावयाला घेऊन दुकानात आले. जावयानं विचारलं, आवाज रुळतो हे खरं का? मी तोंड उघडायच्या आधी काकाच बोलले.

“गजूवर भरोसा ठेवा, जावईबापू. यानं मले बरोबरच सांगतलं होतं. धोका माह्या कानानं देला.”

मी मान डोलावली, आणि जावयाला स्पीकर दाखवायला लागलो.