शिशाच्या जमिनीवरचं अळू

सरकारने सवलत जाहीर केली आणि आमच्या ऑफिसात घाणीला भाव आला. विषारी झालेली जुनी औद्योगिक जमीन साफ करून पुन्हा वापरात आणली, की काही वर्षं कर आणि भाडं दोन्हींत सूट. जमीन जितकी खराब, तितकी सूट मोठी. शारजातल्या आमच्या प्लॉटवर पूर्वी एक भंगारवाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा. सवलतीचा अर्ज माझ्याकडे होता, त्यामुळे माती वाईटच निघू दे म्हणून मी मनापासून प्रार्थना करत होतो. अकाउंटंटच्या देवाला काय काय ऐकावं लागतं.

गणपती उरकले आणि लॅबचा रिपोर्ट आला. शिसं, तेल, आम्ल, हवं ते सगळं भरपूर. आमचा लेबनीज बॉस खुशीत, अभिनंदन करत केबिनबाहेर आला. "मबरूक हबीबी, व्हेरी डर्टी लँड." मीही हसलो, चहाचा कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला. गणपतीच्या जेवणातलं अळू त्याच प्लॉटवरचं होतं.

प्लॉटवरचे वॉचमन चिपळूणकडचे. कोकणातल्या माणसाला जरा ओलावा दिसला की तो अळू लावणारच. सुपरमार्केटची पानं खाजरी निघतात, असं बायकोचं ठाम मत, म्हणून मी गेटवरून जुडी आणली होती. उन्हाच्या भीतीने गाडीतून उतरलोसुद्धा नव्हतो. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या अख्ख्या मजल्याने ते फदफदं ओरपलं. भाजी म्हटली की तोंड फिरवणारी माझी मुलगी वाटी पुढे करून म्हणाली होती, "बाबा, कॅन आय हॅव मोअर?" मी कौतुकाने दोन पळ्या जास्त वाढल्या होत्या.

बायकोला फोन केला.

"शिसं म्हणजे लेड ना रे? ते तर मुलांच्या मेंदूला..." पुढचं तिने म्हटलं नाही. "मी हिला डॉक्टरकडे नेते. तू प्लॉटवर जा."

रस्त्यात नेहमीचा ट्रॅफिक. मला सगळ्यांचा राग आला होता, वॉचमनचा, सरकारचा, अख्ख्या कोकणाचा, आणि मघाशी रिपोर्ट वाचून दात काढणाऱ्या माझा सगळ्यात जास्त.

"या साहेब. वहिनींना आणखी पानं हवीत काय?" वॉचमन हसत पुढे आले.

"दादा, अळू लावलंय कुठे ते आधी दाखवा."

केबिनमागे, हिरव्या जाळीखाली, तीन बाथटब होते. कुठल्यातरी पाडलेल्या व्हिलातले, भंगारवाल्याने मागे टाकलेले. एकाला सोनेरी नळ अजून लटकत होता. सिमेंटच्या कोब्यावर विटा, विटांवर टब, आणि टबांत अळू मजेत डुलत होतं.

"माती कुठली?"

"नर्सरीतली पोती आणली. आणि पाणी आपण पितो तेच."

मी टबाच्या काठावर बसलो. हसू येतंय की रडू ते कळेना, बहुतेक दोन्ही आलं. वॉचमन घाबरून पाणी आणायला पळाले. बायकोला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट उद्या. तोवर तुझ्या बाथटबवर माझा विश्वास नाही."

ती रात्र आम्ही दोघांनी मुलीच्या खोलीत काढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोबाइलवर रिपोर्ट आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, आणि मग माझ्या तोंडून इतक्या मोठ्याने "क्लीन" निघालं, की बॉस केबिनमधून धावत आला. जमीन क्लीन निघाली तर सवलत गेली ना.

"क्लीन? हू सेड क्लीन?"

"माय डॉटर, सर," म्हणालो, आणि जे घडलं ते चार वाक्यांत सांगितलं.

तो शेजारची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, माझा मोबाइल हातात घेतला, आणि जमिनीचा रिपोर्टही कधी वाचला नसेल इतक्या सावकाश तो वाचू लागला.