नाताळातली पाळत

धाकट्या दिरांनी विलायतेहून गोरी बायको करून आणली, तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती, की ही काही इथं टिकायची नाही. दीर साखर कारखान्याच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला ग्लासगोला गेले, तिथंच रजिस्टर लग्न केलं आणि परत येऊन कोपरगावच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले. कॉलनीत त्यांना बंगला मिळाला. आम्ही तिथून दोन कोसांवर मळ्यात राहायचो. ती सणावाराला साडी गुंडाळून यायची, पुढ्यात येईल ते खायची आणि दारातूनच "जावबाई, मी आला!" म्हणून ओरडायची. मला ती आवडायची. पण आत्याबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, तिच्यावर भरवसा बसला नव्हता. "पाखरू हाय ते," त्या म्हणायच्या, "उडायला येळ न्हाई लागायचा."

मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी नाताळाला तिचे आईवडील यायचे ठरले. दिरांनी मळ्यात येऊन सांगितलं, तेव्हा आत्याबाईंनी नुसता त्यांच्यापुढं चहा ठेवला. दीर गेल्यावर मात्र त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं.

"सण न्हाई का काय न्हाई. लेकीला न्यायला येत्यात. तू जा तिथं, कामाला हातभार म्हनून. आन् कान उघडे ठेव."

मी मॅट्रिक झालेली होते. इंग्रजी बोलायची माझी छाती नव्हती, पण सावकाश बोललेलं बरंच कळायचं. माझी पोरं आत्याबाईंपाशी ठेवून मी कॉलनीत राहायला गेले. अशी मी पाळतीवर नेमली गेले, आणि खरं सांगायचं तर मला ते काम पटलंही होतं. एवढा पैसा खर्चून, सात समुद्र ओलांडून कुणी नुसता सण करायला येतं का?

पाहुणे आले. वडील उंच, अबोल, उन्हानं लाल झालेले. आई बुटकी, करड्या केसांची, डोळे मात्र घारीचे. आल्या दिवशीच तिनं माठाचं झाकण उचलून आत पाहिलं. तुपाची बरणी हुंगली. न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग लेकीचं मनगट अंगठ्यानं आणि बोटानं मापून बघितलं, बाजारात कोंबडी बघतात तसं. माझ्या मनात आलं, ही आमचं घर तपासते आहे. आपल्या लेकीचे इथं हाल केलेत का, ते बघायला आली आहे.

वडिलांनी दिरांना विचारलं, इथून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे? दिरांनी नगरचं नाव सांगितलं. रस्ता कसा आहे? दिरांनी तेही सांगितलं. म्हातारा मान हलवत राहिला. मला वाटलं, यालाच काही दुखणं असेल.

मायलेकी खोलीत बसून हळू आवाजात बोलायच्या आणि मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायच्या. एकदा मी दाराशी थबकले. आतून 'टिकेट' ऐकू आलं, 'फेब्रुवारी' ऐकू आलं. मग आई म्हणाली, त्यांना अजून सांगू नकोस. आत गेले तर लेकीचे डोळे रडून सुजलेले. मी कप ठेवून वळले, तशी आई माझ्या पाठीमागं म्हणाली, "ही बाई सारखी इथंच का उभी असते?"

ते मला नीट कळलं. कान तापले. पण कळलं असं दाखवता येईना, म्हणून मी आपली ओट्यापाशी जाऊन कांदा चिरत बसले. आत्याबाईंचा अंदाज खरा ठरला होता. कारखान्याकडं ऊस घेऊन येणाऱ्या आमच्या गाडीवानाजवळ मी निरोप दिला, "फेब्रुवारीत नेणार आहेत म्हणावं."

नाताळाच्या दिवशी सकाळी दिरांनी सुरूच्या झाडाची फांदी तोडून आणली आणि तेलाच्या डब्यात माती भरून उभी केली. जावेनं तिच्यावर कापूस पसरला. तिकडं असा बर्फ पडतो म्हणे. आईनं पेटीतून काचेचे गोळे काढून तिला टांगले. दुपारी कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स जेवायला आली. ती नेवाशाकडची ख्रिस्ती. तिनं करंज्या, शंकरपाळ्या आणि चकल्यांनी भरलेलं ताट आणलं होतं. गोऱ्या आईनं करंजी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, हे नाताळाचं आहे?

"आमच्या आजीच्या आजीपासून," नर्स म्हणाली.

टेबलावर दिरांनी मिळवलेली कोंबडी होती, मी केलेला मसालेभात होता, आणि पाहुण्यांनी डब्यातून आणलेला काळा, दारूच्या वासाचा केक. आत्याबाईंनी बजावलं होतं, केकात अंडं असतं, शिवू नकोस. मी लांबच बसले होते. चकल्यांचं ताट पुढं आलं तशी जाऊ तोंडाला पदर लावून मोरीकडं धावली. ती परत आली तेव्हा नर्स तिच्याकडं बघतच होती.

"कितवा?" तिनं सहज विचारलं.

दीर ताटात बघायला लागले. आणि मला, दोन लेकरांच्या आईला, तेव्हा कुठं उजेड पडला.

नेमक्या त्याच वेळी फाटक वाजलं. आत्याबाई! निरोप मिळताच उसाच्या गाडीवर बसून आल्या होत्या. डोक्यावरचा पदर धुळीनं भरलेला. चपला काढल्या न काढल्या तोच दिरांना म्हणाल्या, "काय चाललंय रं? माझ्या सुनंला कुठं नेत्यात?"

दिरांनी मग सगळं सांगितलं. तिसरा महिना आहे. तिच्या आईचं म्हणणं, बाळंतपण तिकडं व्हावं. तू नाही म्हणशील, भांडण होईल, म्हणून कुणीच तोंड उघडलं नव्हतं.

आत्याबाई खुर्चीवर टेकल्या. "बस, येवढंच? अरं, पयलं बाळातपन म्हायारीच करायचं असतंय. ह्यात लपवायचं काय हाय? तिची आई न्यायला आली नसती, तर मी नावं ठिवली असती."

दिरांनी ते इंग्रजीत सांगितलं. गोरी आई आधी बघतच राहिली. मग तिचे डोळे बारीक झाले. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढ्या सहज? यात काहीतरी आहे. यांना आपली मुलगी नकोच आहे की काय?"

दीर ते आमच्या भाषेत सांगेनात. आत्याबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मला राहवेना. जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत इंग्रजी बोलले. मोडकंतोडकं. आमच्यात पहिल्या वेळी मुलगी आईकडं जाते. मी पण गेले. मग परत येते.

गोरी आई माझ्याकडं बघत होती. मग तिच्या मानेवरून लाली वर चढत गेली.

"म्हणजे तुला सगळं कळत होतं?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

जाऊ आधी हसली, मग नर्स. गोरी आई हसली नाही. तिनं केकचा तुकडा कापला, बशीत ठेवला आणि ती बशी माझ्यापुढं सरकवली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी खाल्ला.

संध्याकाळी आम्ही दोघी रिकाम्या गाडीतून मळ्याकडं निघालो. मळा दिसायला लागला तशा आत्याबाई म्हणाल्या, "परत यील ना गं ती?"

"येईल की," मी म्हटलं. मला तरी कुठं खात्री होती!

फेब्रुवारीत ती गेली. गावातल्या बाया पाणवठ्यावर विचारायच्या, "गेली व्हय तुमची मड्डम?" आत्याबाई ताठ्यानं सांगायच्या, "बाळातपनाला गेलीया." घरी आल्या की मात्र ओसरीवर रस्त्याकडं बघत बसायच्या. मुलगी झाल्याची तार आली तेव्हा साखर वाटली, आणि मलाच विचारलं, "तार खरी असती का गं?"

पुढची संक्रांत झाल्यावर ती आली. कोपरगाव स्टेशनावर आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला उचलून घेतलं. आणि पाठोपाठ डब्यातून उतरली तिची आई! लेकीला आणि नातीला एकटं पाठवायचा तिला धीर झाला नव्हता.

ती पुढं दोन महिने राहिली. आत्याबाई बाळाला तेल चोळायला बसल्या की ती समोर स्टूल घेऊन बसायची, डोळ्याची पापणी न हलवता. आणि ती बाटली उकळायला लागली की आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.