पाळा, नाहीतर कारण द्या

हे आईला ठाऊक नाही, मैत्रिणींना नाही, कोणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे — पण मध्येच ‘जाऊ दे, लहान होतीस’ असं म्हणू नका. लहान नव्हते. एम.कॉम.ला होते.

मागच्या वर्षी लोणावळ्याच्या कॉलेजात माझ्या सेमिनारला टाळ्या पडल्या. विषय होता, देश आपल्या कंपन्यांसाठी कारभाराची आचारसंहिता का स्वीकारतात? आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्गासमोर उभी राहिले की मी कागदातून मान वर काढत नाही. त्या दिवशी काढली. मी म्हणाले, कारणं दोन सांगतात. एक, मोठ्यांनी लहान भागधारकांना लुबाडू नये म्हणून. दुसरं, बाहेरचा पैसा हवा असतो, शेजारच्या देशांनी संहिता केलेली असते, मग आपणही पाहुण्यांना दिसेल असं तोरण दाराला बांधायचं. शिवाय पुष्कळ संहितांत एक सोय असते — नियम पाळा, नाहीतर न पाळल्याचं कारण द्या. कारण खरं आहे का, हे विचारतं कोण?

मग मी उदाहरण दिलं. ‘एका गावात’ म्हणाले. किती सहज म्हणाले!

ते गाव माझं. पवनानगरच्या जवळ, धरणाच्या पाण्याकाठी. गावातल्या घरांनी जमिनी एकत्र करून तंबूंची कंपनी काढली — पर्यटक येतात, राहतात, होडीतून फिरतात. अध्यक्ष भाऊ — माझे कोणी नव्हेत, सगळं गावच त्यांना भाऊ म्हणतं. पुण्याचे लोक पैसे घालायला तयार झाले, पण कारभाराचे नियम लेखी मागू लागले. भाऊंनी मला बोलावलं. सगळ्यांसमोर ‘आमच्या मॅडम’ म्हणाले. मी माझ्या नोट्समधून संहिता उतरवून दिली. त्यात एक नियम होता : संचालक मंडळावर एक स्वतंत्र माणूस हवा, अध्यक्षांच्या गोतावळ्यातला नको.

हमीदा मावशी निवडल्या. पिको-फॉलचं दुकान, थोडेसे शेअर. ‘बाई पन हाय, मुसलमान पन हाय, फोटोत झ्याक दिसंल,’ भाऊ म्हणाले. आणि मी हसले. हो, हसले. पुण्याचे पाहुणे आले, मावशींना शाल-नारळ दिला, फोटो निघाला.

चूक मावशींची एकच. त्यांना ते खरं वाटलं.

होडीत बुडू नये म्हणून घालायची जाकिटं फाटली, ती शिवायला त्यांच्याच दुकानात आली होती. त्यांनी ती शिवली नाहीत. तशीच बैठकीत आणून टेबलावर टाकली. नवी कधी घेणार, विचारलं. पुढच्या बैठकीत परत तेच. तिसऱ्यांदा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, हिला काढायचं कसं, ते बघा की कुटं लिवलंय का.’

लिहिलेलं होतंच — मीच लिहिलं होतं. तीच ती सोय : पद रिकामं ठेवा, कारण द्या. मी कारण लिहिलं : ‘आवश्यक शैक्षणिक पात्रता नसल्यामुळे.’ लिहिताना माझी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. हे मला तेव्हा आठवलं नाही, असं तुम्हाला वाटतं? आठवलं. तरी लिहिलं. शब्द चांगला बसला, म्हणून बरंही वाटलं.

सभेत ते वाचायलाही मलाच लावलं. व्यासपीठावर खुर्ची दिली होती. आमच्या घरातलं कोणी तिथे कधी बसलेलं नाही. मी स्पष्ट आवाजात वाचलं. मावशी उठल्या.

‘म्हंजी मला लिवता-वाचता येत न्हाई म्हनून? मग शाल घातली तवा येत व्हतं व्हय?’

लोक हसले. भाऊ म्हणाले, ‘मावशी, बसा आता खाली.’

‘वर कवा बसिवलंवतं?’ त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. ‘पोरी, जाकिटाचं बी वाच की. त्ये न्हाई लिवलं?’

मी कागदाची घडी घातली. पुढचा विषय वाचला.

हे सगळं मी सेमिनारमध्ये सांगितलं. मावशींचं ते शालीचं वाक्य त्यांच्याच ढंगात म्हणून दाखवलं, वर्ग खूश झाला. सर म्हणाले, पुस्तकात नसलेलं उत्तर मिळालं. मग मागून एका मुलीने विचारलं, ‘असलं कारण लिहितं तरी कोण गं? लाज नाही वाटत?’

मी म्हणाले, ‘असेल कोणी बाहेरचा सीए.’

हीच ती गोष्ट. कागद लिहिला तो एक नीचपणा. पण त्याचं उदाहरण करून टाळ्या घेतल्या आणि तोंड लपवलं, त्याला काय म्हणू? वर्गातल्या सगळ्यांना त्या न दिसणाऱ्या सीएचा राग आला होता. मीसुद्धा मान हलवत होते.

मावशी कधी कधी कामशेतच्या जीपमध्ये भेटतात. सरकून जागा देतात. ‘शिकतीस न्हवं?’ एवढंच विचारतात. मी ‘हो’ म्हणते. याच्यापलीकडे आजवर एक शब्द बोलले नाही. होडीत जाकिटं अजून तीच आहेत, आणि पर्यटकांची पोरं ती घालून पाण्यात जातात.

इथे मी एक परिच्छेद लिहिला होता — गरिबी, भाऊंचा दबाव, ती खुर्ची. चांगला जमला होता. कारणं मला चांगलीच लिहिता येतात. तो खोडला.

नियम मी पाळला नाही. कारण देत नाही.