गजभिये आणि सरदाराचा थोरला मुलगा

नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या आमच्या इमारतीत गजभिये एका प्रश्नासाठी प्रसिद्ध होते. करोनाचे निर्बंध लवकरच उठणार, असं लिफ्टपाशी कोणी म्हटलं की त्यांच्या मास्कमागून यायचं, "पुरावा काय?" लोक हसत. ते हसत नसत.

ते मूळचे नागपूरचे. इथे इतिहासाचे संशोधक, एकटेच राहत. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदाराच्या मुलांवर त्यांचं पुस्तक चाललं होतं. एकाच नावाचे दोन मुलगे. धाकटा स्पॅनिश पत्नीचा. थोरला तिथल्याच एका दुभाषी बाईचा. बापाने त्याला लहानपणीच आईपासून तोडून स्पेनला नेलं. पोपने त्याला औरस ठरवलं, तरी वारस धाकटाच झाला.

टाळेबंदीत घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा. गजभियेंकडे तो बहुधा मी असे. खिडकी उघडी, अंगात कोट. दुपारी ते नागपूरला फोन लावून, लिहिलेलं आईला सांगत. आई अंथरुणाला खिळलेली होती.

"तुया त्या पोराचं काय झालं आज?"

"जहागीर भावाला गेली, माय."

"जाऊ दे मेली जहागीर. माय भेटली का त्याले?"

"तिथवर लिहून झालं नाही अजून."

लिहून झालं होतं. मुलगा स्पेनला गेल्यावर थोड्याच काळात ती बाई वारली होती. फोन ठेवून गजभिये मला म्हणाले, "हे ऐकलं तर ती जेवायची नाही."

भारतातल्या दुसऱ्या लाटेत आईला ऑक्सिजन लागला. विमानं बंद होती. बहिणीने फोन आईच्या कानाशी धरला. मी समोर बसलो होतो.

"भेटला का रे तो मायले?"

गजभिये खिडकीकडे वळले. "हो माय. मोठा होऊन परत आला. भेटला."

"मंग तू कधी येशील?"

"विमानं सुरू झाली की."

त्याच आठवड्यात आई गेली. अंत्यविधी फोनवर बघत गजभियेंनी उभं राहून त्रिशरण म्हटलं. आवाज उशिरा पोचत होता. तिकडचे थांबले तरी यांचं चालूच होतं.

विमानं सुरू झाली. त्यांनी तिकीट काढलं नाही. पुस्तक छापायला गेलं तेव्हा, थोरल्या मुलाच्या प्रकरणात शेवटी काय ठेवलंत, असं मी विचारलं.

"जे घडलं तेच," ते म्हणाले. "भेट झाली नाही."