वासरू लपत नाही

घाटंजीकडच्या ज्या तांड्यावर माझी अंगणवाडी आहे, तिथले गायकी म्हणजे धनसिंगकाका. अख्ख्या तांड्याची गुरं सकाळी रानात न्यायची आणि सांजेला ज्याची त्याला परत द्यायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. पाठमोरी गाय पाहून ती कोणाची ते सांगायचे. पण त्यांना फिट यायच्या. एकदा नाल्यात पडले, तेव्हा मुलाने नागपूरला नेऊन मेंदूच्या उजव्या बाजूचं ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, ऐकलेलं लक्षात राहील, नवीन पाहिलेलं कदाचित टिकणार नाही.

तसंच झालं. फिट थांबल्या, पण माणूस आगीतून निघून फुफाट्यात पडला. जुन्या गाई ओळखू यायच्या, त्या वर्षीची वासरं मात्र सगळी सारखीच. तांड्यातले शहाणे म्हणायचे, "काका, चष्मा लावा." मला असा संताप यायचा! नजर शाबूत होती हो, पाहिलेलं आत राहत नव्हतं. शेवटी काकांनीच तोड काढली. एकेका वासराला नाव ठेवलं. हाक मारायची, जे कान टवकारेल ते त्या नावाचं. कधी चुकले नाहीत.

नात राणू ऑपरेशननंतर जन्मली, म्हणजे तिचंही वासरांसारखंच. काका रोज दुपारी तिला न्यायला येत, दारातून हाक मारत आणि ती धावत जाई. चार वर्षांच्या पोरीला काय ठाऊक! एक दिवस तिला लहर आली, आज दादाने, म्हणजे आजोबांनी, आपल्याला शोधून काढावं. तोंडावर हात दाबून ती पोरांत बसून राहिली.

काकांनी हाक मारली. पुन्हा मारली. पोरं गालातल्या गालात हसत गप्प. मी बोलणार, तोच ते आत आले. एकेक चेहरा न्याहाळला. राणूची लाल रिबन त्यांनी सकाळीच घोकून ठेवली होती. त्या दिवशी नेमकी तांड्यातल्याच पुष्पाच्या पोरीनेही लाल रिबन बांधलेली. त्यांनी तिचाच हात धरला.

"चाल बेटा, घरी जाऊ."

"दादा, मी अठी हाय ना!" राणू किंचाळली आणि हमसून हमसून रडू लागली.

काकांनी धरलेला हात सोडला. मला म्हणाले, "बाई, वासरू कधी लपत नाही वो." मी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

राणू आता लपत नाही. काका दारात दिसले, की हाकेची वाट न पाहता स्वतःच सांगते, "दादा, मी राणू." अंगणवाडीत ठीक आहे. पण तिची आई सांगत होती, घरीही तसंच सांगते. सकाळी उठून त्यांच्या कुशीत शिरते ना, त्याआधीसुद्धा.