आठ हजार वेळा आमेन

मोटरी भरणारा माणूस बडबड्या असून चालत नाही. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, तिचे वेढे एकेक करून मोजायचे, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि नव्या तारेचे नेमके तेवढेच वेढे घालायचे. मोजताना मध्येच कुणी 'काय, कसं काय' म्हणालं की झालं कल्याण, पुन्हा एकपासून. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे मामांच्या तोंडाला जे कुलूप बसलं ते बसलंच. घरीसुद्धा बायकोच्या दहा वाक्यांना त्यांचं एक 'हं' पुरायचं.

अपवाद फक्त चर्चचा. रविवारी प्रार्थना संपली की मामांचं 'आमेन' असं दणदणीत यायचं की पुढच्या बाकावर पेंगणारे ताठ बसायचे. चर्चच्या मंडळीतल्या पोरांनी त्यांचं नाव आमेनमामा पाडलं, आणि ओघानंच त्यांची बायको सगळ्या मंडळीची मामी झाली.

देवाचं खातं मामींकडे होतं. दुकान मामांनी बघायचं, देव मामींनी, अशी लग्नापासूनची वाटणी. रोज संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसायची. मामी प्रार्थना करायच्या, शेवटी मामा आमेन म्हणायचे. आमेन झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत आणि ताटाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. मधल्या दहा मिनिटांत मामींनी कुणाकुणाला देवासमोर नेऊन उभं केलं, हे मामांना विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. मिटल्या डोळ्यांनी ते मोटरीतच असायचे. मामींचा आवाज खाली उतरला की त्यांना कळायचं, आता आपली पाळी.

मग एका सकाळी मामी चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या आणि कप पडला. कपामागोमाग मामी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन आठवडे दवाखान्यात काढले. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्याकडे एकच औषध उरलं होतं, ते म्हणजे वाट पाहा. समजतंय का हो तिला, असं मामांनी विचारलं, तर ते म्हणाले की बरंच समजत असावं. हे ऐकून मामांना आनंद व्हायला हवा होता. उलट, सगळं समजतं आणि बोलता येत नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना मामींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग मामांकडे. सात वाजले तसं पुन्हा बघितलं. मामांनी सुपाचा चमचा पुढे केला तर ओठ गच्च मिटलेले. काय हवंय हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. करणार कोण, हा प्रश्न होता. मामा खुर्चीवर बसले, डोळे मिटले, घसा खाकरला. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे जमा झालेली प्रार्थना एका शब्दाची होती, आणि तो शेवटचा होता.

"प्रभू," ते म्हणाले, "आज एक पंप झाला आणि दोन पंखे. आभारी आहे. हिला बरं कर. आमेन."

डोळे उघडले तर मामी त्यांच्याकडे बघत होत्या. कच्चं काम करून आणलेल्या कारागिराकडे गिऱ्हाईक बघतं तशा. पण सूप घेतलं.

मामा चर्चच्या पाळकांकडे गेले. आपल्याला जमत नाही, तुम्ही रोज संध्याकाळी कुणाला तरी पाठवा, म्हणाले. पाळक तरुण होते, पण समजूतदार. जमण्याचा प्रश्नच नाही, असं ते म्हणाले. शब्द सुचोत न सुचोत, वेळ चुकवायची नाही, बसायचं. मामा मनात म्हणाले, सांगायला काय जातंय. तरी दुसऱ्या दिवशी सातला बसले, तिसऱ्या दिवशीही बसले. दुकानाचं शटर साडेसहालाच खाली येऊ लागलं. मामींची प्रार्थना कानावरून गेली होती, आत गेली नव्हती असं ते समजत होते, पण हळूहळू तिचे तुकडे वर यायला लागले. आधी दिवसाचे आभार. मग लेक, जावई, नात. मग मंडळीतले आजारी. मग शेजारची एकटी बाई. मग मामांचे हात. हे हात आठवले तेव्हा मामा थबकले. रोज ती आपल्या हातांसाठी मागायची, तारेनं कापू नयेत, करंट लागू नये म्हणून, आणि आपण समोर बसून पंपाचा विचार करत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली. आता ते हात तिचं तोंड पुसत होते, कूस बदलत होते, केस विंचरताना भांग वाकडा पाडत होते.

प्रार्थना लांबली तशी एक नवीनच भानगड सुरू झाली. मामा मध्यावर आले की मामी डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर थाप मारायच्या. एकदा, मग जोरात दुसऱ्यांदा. काय चुकलं, काही कळेना. मामांनी विचारावं आणि मामींनी सांगावं, हा मार्ग तर बंदच झालेला. त्या गळ्यातून काहीतरी आवाज काढायच्या आणि मामांना तो समजत नाही हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मामा म्हणायचे, अगं, थांब, रडू नकोस, शोधतो मी. आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसायचे.

मोटरीत दोष शोधायची मामांची एक रीत होती. घाई करायची नाही, एकेक कॉइल वेगळी करून तपासायची, तारेला दिवा जोडून उजेड कुठे तुटतो ते बघायचं. तीच रीत त्यांनी प्रार्थनेला लावली. एक दिवस आजारी आधी घेतले. एक दिवस जावयाच्या आईला जोडून बघितलं, एक दिवस दूधवाल्याला, एक दिवस खुद्द डॉक्टरांना. थाप काही चुकेना, आणि ती पडायची बरोब्बर एकाच जागी: नातीचं झालं की. नात आणि आजारी यांच्यामध्ये काहीतरी सुटत होतं. एवढं निदान झालं, आणि पुढे मामांची अक्कल संपली.

शनिवारी लेक आली. संध्याकाळी तिघं बसली. मामांनी लेकीचं म्हटलं, जावयाचं म्हटलं, नातीचं म्हटलं आणि आजाऱ्यांवर आले तोच थाप पडली. मामांनी नियम मोडून डोळे उघडले. लेक मान आणखी खाली घालून गप्प बसली होती, ओठ किंचित हलत होते. जणू प्रार्थना अजून पुढे गेलेलीच नाही.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी तिला विचारलं. ती भांडी विसळत होती, मागे वळली नाही.

"आई तिथं थांबायची, बाबा. काकांसाठी."

मामांना एकच भाऊ होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा तो धाकटा त्यांच्याजवळ होता. बरे होतील, उगाच थोरल्याला कशाला धावाधाव, असं करत त्यानं कळवायला उशीर केला. मामा पोहोचले तेव्हा कबरीवर माती ओढून झाली होती. वडिलांचं तोंड बघायला मिळालं नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, मामांनी सांगून टाकलं होतं की या माणसाचं नाव माझ्या घरात कुणी काढायचं नाही. या माणसाचं, म्हणजे ढब्बूचं. ज्याला लहानपणी वडिलांच्या दुकानात शेजारी बसवून मामांनीच वेढे मोजायला शिकवलं होतं, त्याचं. आणि खरोखरच बावीस वर्षांत ते नाव घरात निघालं नव्हतं. बायको आपला शब्द पाळते याचा मामांना अभिमान होता.

"मी लहानपणी विचारलं होतं तिला, तू मध्येच का थांबतेस म्हणून," लेक म्हणाली. "ती म्हणाली, बाबांनी नाव काढायला बंदी केलीय, मनात घ्यायला नाही केली."

"रोज?"

"रोज. मीपण थांबायचे."

मामांना बसावंसं वाटलं, पण स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती. म्हणजे ज्याचं नाव नको म्हणून आपण घराची दारं लावून घेतली, त्याला या दोघी रोज सात वाजता आत घेत होत्या. आणि शेवटचा शिक्का आपला.

"आणि मी आमेन म्हणायचो," ते म्हणाले.

"हो ना. आई म्हणायची, आमेन तर बाबांचंच असतं. तेवढं पुरे."

बावीस वर्षं गुणिले तीनशे पासष्ट. आकड्यांत मुरलेल्या माणसाला हिशोब नको म्हटलं तरी होतो. आठ हजार. न वाचता आठ हजार कागदांवर सही केल्यासारखं झालं होतं. मामांना आपण फसवले गेलो असं वाटलं आणि ते संतापले. पण संताप काढायचा कुणावर? बायकोवर काढावा तर तिला उत्तर देता येत नाही. भावावर काढावा तर तो समोर नाही. देवावर काढावा तर हिला बरं कर म्हणून रोज त्याच्याचपुढे हात पसरायचे.

लेक गेली आणि मामांनी हट्ट धरला. तीन दिवस नातीवरून थेट आजाऱ्यांवर. तिन्ही दिवस थाप. चौथ्या दिवशी थाप पडली नाही. मामांना वाटलं, जिंकलो. डोळे उघडले तर मामींनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. सूप घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही घेतलं नाही, दुपारीही नाही. मामा चमचा धरून पलंगाशी बसून राहिले, हात अवघडेपर्यंत. जळकी मोटर कितीही बिघडलेली असो, ती निदान उघडून तरी बघता येते. हिचं काय करायचं? त्यांना जन्मात एवढी भीती वाटली नव्हती. कुठेच काही चालत नाही, ना दुकानात शिकलेलं, ना देवाकडे मागितलेलं, हे त्या दुपारी त्यांना लख्ख कळलं.

संध्याकाळी सातला ते नातीपर्यंत आले आणि थांबले. नाव नाही, मागणं नाही. नुसते थांबले आणि थांबायचं म्हणून मनात वेढे मोजू लागले. बाराला पुढे सरकले. थाप पडली, पण हलकी. शेवटी आमेन झालं तेव्हा मामींनी तोंड इकडे केलं आणि चार चमचे घेतले.

मग तोच क्रम पडला. कमी पडतं म्हणून वीस मोजून बघितले, मग तीस. फक्त आकडे, बाकी काही नाही, असं मामा स्वतःला बजावत होते. देवालाही त्यांनी एकदा तसं स्पष्ट सांगून टाकलं: मी तिच्यासाठी थांबतोय, त्याच्यासाठी नाही, गैरसमज नको. हे आपण देवाशी चक्क बोललो, आणि ते मामींच्या वतीनं नाही, आपल्या मनचं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. दुकानातही असं व्हायला लागलं होतं. वेढे मोजून झाले, चिठ्ठीवर आकडा लिहिला की आपोआप ओठ हलायचे: तिचा पाय तेवढा हलू दे. पाय काही हलला नाही. मामा सातला बसायला मात्र चुकले नाहीत.

मामींची प्रकृती उतरत चालली होती. थाप मारायचंही बळ राहिलं नव्हतं. आता मामा चुकले असते तरी त्यांना कुणी अडवलं नसतं. त्या दिवशी सात वाजता त्यांनी नातीचं म्हटलं, थांबले, आणि आज पन्नास मोजू असं ठरवलं. सावकाश. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस.

आणि अठ्ठेचाळीसवर ते अडकले. ढब्बूला एकोणपन्नास कधी यायचंच नाही. वडिलांच्या दुकानात तार गुंडाळायच्या चाकाशेजारी बसून तो मोठ्यानं मोजायचा आणि अठ्ठेचाळीसवरून थेट पन्नासवर उडी. रोज. वडिलांना कळलं असतं तर कान पिळला असता. म्हणून थोरला काही न बोलता एक वेढा जास्तीचा घालायचा. ढब्बूला ते अजूनही ठाऊक नसेल.

"ढब्बू," मामा म्हणाले. मोठ्यानं. बावीस वर्षांनी त्या भिंतींनी ते ऐकलं.

पुढे काय मागावं ते सुचेना. तो कुठे असतो, काय करतो, त्याला मुलं किती, त्याचं काही दुखतं का, मामांना काहीच माहीत नव्हतं. ज्याचं आपल्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी मागायचं तरी काय? राग होता तिथंच होता. तो गेला असता तर काम सोपं झालं असतं.

"त्याचं जे असेल ते तू बघ," ते कसंबसं म्हणाले. "मला नाही जमत."

मग आजारी झाले, शेजारची बाई झाली, हात झाले. उरलं शेवटचं. चर्चमध्ये पेंगणाऱ्यांना जागं करणारा तो शब्द आज घशातून वर येईना. मामांनी डोळे उघडले. मामींचे मिटलेले होते. डावा हात पांघरुणावर उताणा पडला होता. सूप गार होत होतं. आमेन झाल्याशिवाय त्या डोळे उघडणार नव्हत्या, मामांना हे चांगलं माहीत होतं. किती वेळ लागतो याची त्यांना फिकीर दिसत नव्हती. बावीस वर्षं थांबल्या होत्या, अजून थोडं.

मामांनी डोळे पुन्हा मिटले. भावाला माफ केलं असं त्यांना वाटत नव्हतं. आपल्या हाती आता काहीच उरलं नाही, एवढंच वाटत होतं.

"आमेन," ते म्हणाले. इतकं हळू, की शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं. आठ हजारांतलं पहिलं, कशाला म्हणतोय हे ठाऊक असलेलं.

मामींनी डोळे उघडले. मामांनी चमचा उचलला.